पहिल्यापासून करणारे काका

जगात तयार वस्तू मिळतात, ही बातमी आमच्या हिच्या मावशीच्या यजमानांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. पोहोचली असेल तर त्यांनी सांगणाऱ्याकडे त्या बातमीचा मूळ मसुदा मागितला असेल, चष्मा कपाळावर चढवून तो तपासला असेल आणि चुका काढून परत पाठवला असेल. नात्याने ते माझे मावससासरे लागतात. पण हा शब्द बोलताना जिभेची फार तारांबळ उडते, म्हणून मी त्यांना नुसतं काका म्हणतो. कॉव्हेंट्रीतली झाडून सगळी मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणतात आणि रस्त्यात दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जातात. त्यात अनादर नसतो. काकांनी 'कसं काय' विचारलं आणि आपण 'ठीक' म्हटलं की ते 'ठीक म्हणजे काय काय ठीक' असं विचारतात, आणि प्रत्येकाला बस पकडायची असते.

या देशात चहा पिशवीतून मिळतो. आपण ती पिशवी कपात टाकतो आणि विषय संपतो. काका ती कात्रीने कापतात, आतली पूड पांढऱ्या बशीत ओततात, बोटाने पसरून नीट न्याहाळतात आणि मगच पातेल्यात टाकतात. "पिशवी बंद असते जावईबापू. आत काय आहे ते बघितल्याशिवाय पोटात कसं घालायचं?" मी एकदा सुचवलं की मग पिशवीतला कशाला, सुटाच चहा आणावा. काकांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. "तो तर उघडाच असतो. त्यात बघायचं काय?" त्यांच्याकडे चहा मिळायला वेळ लागतो, पण तो प्यायल्यावर आपण नक्की काय प्यायलो याबद्दल मनात कसलीही शंका राहत नाही.

त्यांच्या घरी जेवायचं टेबल आहे, पण ते उभं नाही. खोक्यातून सुटे भाग येतात आणि आपण घरी जोडायचं असतं, त्या जातीचं ते टेबल. काकांनी सोबतचा कागद वाचला आणि चौथ्या पायरीतली चूक कंपनीला कळवली. कंपनीने दिलगिरी व्यक्त करून एक व्हाउचर पाठवलं. काकांनी ते परत केलं. "मला व्हाउचर नको, स्टेप फोर बदला," असं त्यांनी लिहिलं, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत काम थांबवलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. टेबलाची फळी भिंतीला टेकून उभी आहे, तिच्यावर मावशी शाली वाळत घालतात आणि आम्ही सगळे ताट मांडीवर घेऊन जेवतो.

मधे काही दिवस काकांचा पिठावरचा विश्वास उडाला होता. तेव्हा त्यांनी कौन्सिलकडून भाड्याने मिळालेल्या भाजीच्या वाफ्यात गहू पेरला. शेजारच्या वाफ्यातला इंग्रज म्हातारा लीकच्या, म्हणजे इकडच्या जाड कांदापातीच्या, जुड्या घरी नेत होता आणि कुंपणावरून काकांच्या गव्हाकडे बघून मान हलवत होता. सुगीच्या दिवशी आम्हाला ब्रिस्टलहून मुद्दाम बोलावणं आलं. कापणी झाली, मळणी झाली, पाखडणं झालं, मिक्सरमध्ये दळणही झालं. एकूण उत्पन्न एक पोळी झाली. ती आम्ही सगळ्यांनी तुकडे करून प्रसादासारखी खाल्ली आणि मग मावशींनी झाकून ठेवलेला पुलाव बाहेर काढला. "भूक लागायच्या जरा आधी सांगत जा हो," मावशी काकांना म्हणाल्या, "म्हणजे मी पेरायला घेईन."

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. काका उमेदीच्या काळात कॉव्हेंट्रीतल्या एका कारखान्यात इंजिनियर होते. तिथे यंत्रं बनवणारी यंत्रं बनत, आणि ती चालवण्याचे प्रोग्राम एका खास भाषेत लिहिलेले असत. त्या भाषेचं नाव मी सांगत नाही, कारण ते ऐकून आजवर कुणाच्याही चेहऱ्यावर ओळख उमटलेली मी पाहिलेली नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि त्या जागी फ्लॅट झाले. यंत्रं भंगारात गेली. भाषा तेवढी काकांच्या घरी राहायला आली. जगभरात विखुरलेले मूठभर हौशी लोक अजून ती जिवंत ठेवून आहेत, तिची डागडुजी करतात आणि अधूनमधून नवी आवृत्ती काढतात. बाकीच्यांनी ती तयार उतरवून घ्यावी अशी सोयही त्यांनी केली आहे. एक बटण दाबलं की झालं. मी स्वतः पोटासाठी सॉफ्टवेअरचंच काम करतो, आणि त्या बटणाच्या जोरावरच आमच्या सगळ्या ऑफिसचे पगार होतात. काकांनी त्या बटणाला आजन्म हात लावलेला नाही. ते भाषेचा मूळ मजकूर मागवतात, म्हणजे माणसांनी हाताने लिहिलेल्या त्या हजारो ओळी, त्या वाचतात, आणि मग त्यांपासून आख्खी भाषा स्वतःच्या कॉम्प्युटरवर बांधतात. याला ते 'बिल्ड' म्हणतात, आणि बिल्डचा वार शनिवार. नवी आवृत्ती आलेली नसली तर जुनीच पुन्हा बांधतात.

या विधीला प्रेक्षक लागतात. आम्ही गेलेलो असलो की ते आम्ही. काम सुरू करण्याआधी कॉम्प्युटर स्वतःच्याच घराची चौकशी करतो. अमुक आहे का? आहे. तमुक चालतं का? चालतं. अशा ओळींमागून ओळी पडद्यावरून सरकत जातात, आणि मुलीच्या बापाने स्थळाची चौकशी करावी तसे काका प्रत्येक होकाराला समाधानाने मान डोलावतात. मग कुठेतरी एक 'नाही' येतं. एखादा बारकासा भाग घरात नसतो. दुसरा कुणी तो तयार आणून बसवेल. काका त्याचाही मूळ मजकूर मागवतात. तो बांधायला तिसराच काहीतरी लागतो, त्याला चौथा. एका शनिवारी सकाळी भाषा बांधायला बसलेले काका दुपारी तारखा छापण्याचा एक भलताच प्रोग्राम दुरुस्त करत होते. आपण मुळात कशाला बसलो होतो, ते त्यांना आठवेना. "अगं, मी काय करत होतो?" त्यांनी आत वळून विचारलं. "भाषा करत होतात," मावशी म्हणाल्या. "आता जेवायला या."

बांधकाम सुरू झालं की कॉम्प्युटर मधूनमधून वॉर्निंग देतो. वॉर्निंग म्हणजे 'चालेल, पण बरं दिसत नाही' अशा अर्थाची कुरकुर. आम्ही व्यवसायातली माणसं तिच्याकडे सराईतपणे काणाडोळा करतो. काका प्रत्येक कुरकुर मनाला लावून घेतात आणि फिनलंडमधल्या एका गृहस्थाला कळवतात, कारण त्या भाषेची मुख्य देखभाल तो करतो. त्या भल्या माणसाने आता काकांना ख्रिसमसला कार्ड पाठवायला सुरुवात केली आहे. शुभेच्छांच्या खाली 'पुढच्या वर्षी थोडी विश्रांती घ्या' असं लिहिलेलं असतं. काका त्याचा अर्थ तो आपल्या प्रकृतीची काळजी करतो असा घेतात.

आणि एवढा सगळा घाट घालून भाषा उभी राहिली की काका त्या भाषेत एक ओळ लिहितात. एकच. ती ओळ चालवली की पडद्यावर 'चालू आहे' अशी अक्षरं उमटतात. काका ती वाचतात, चष्मा पुसतात आणि कॉम्प्युटर बंद करतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता खरं काम सुरू होईल.

"काका, या भाषेत तुम्ही लिहिता काय?"

"मी? काही नाही."

"मग ही बांधायची कशाला?"

"ती उभी पाहिजे ना. कुणी लिहायला आलं, तर?"

"कोण येणार?"

"येईल कुणीतरी," काका म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. तिथून जुन्या कारखान्याच्या जागेवरचे फ्लॅट दिसतात.

या भाषेची एक गंमत अशी, की तिच्यातलं लिखाण कॉम्प्युटरला समजावून सांगणारा प्रोग्राम त्याच भाषेत लिहिलेला आहे. म्हणजे भाषा बांधायला आधीची भाषा हाताशी लागते. तिच्याने नवी बांधायची, त्या नवीने पुन्हा तीच बांधायची, मग आणखी एकदा, आणि शेवटच्या दोन तंतोतंत सारख्या निघाल्या की काम चोख झालं असं समजायचं. मी भीतभीत विचारलं, "मग अगदी पहिली कुठून आली?" हा प्रश्न काकांच्या फार आवडीचा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला, "दही लावायला दही लागतं, तसंच ते. त्यात एवढं काय?" काका खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "हिच्या दह्याचं मूळ माझ्या भाषेपेक्षा जुनं आहे."

ते खरंच होतं. मावशी साताऱ्याच्या. लग्न होऊन इकडे यायला निघाल्या तेव्हा त्यांच्या आईने मलमलचा एक रुमाल घरच्या दह्यात बुडवला, सावलीत कडक वाळवला आणि घडी करून लेकीच्या साड्यांमध्ये ठेवला. तिकडे पोहोचलीस की कोमट दुधात हा भिजव, दही लागेल, म्हणाल्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली. तो पापडासारखा रुमाल बाहेर काढला, वास घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. मावशींचं इंग्रजी तेव्हा अगदी नवं होतं. "माय मदर," एवढंच त्या म्हणू शकल्या. त्या माणसाने रुमालाची घडी होती तशी घातली आणि जपून परत ठेवली. तेव्हापासून कॉव्हेंट्रीच्या त्या घरात रोजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला निघतं आणि त्याच्यावर दुसऱ्या दिवशीचं लागतं. आई कधीच गेली. तिच्या हातची वस्तू म्हणून मावशींपाशी उरलं होतं ते हे विरजण.

अडचण हवेची होती. कॉव्हेंट्रीच्या थंडीत दही लागायचं नाव घेत नाही, आणि हीटिंग म्हणजे तयार ऊब, ती काकांना मंजूर नाही. मात्र त्यांचा जुना कॉम्प्युटर, धान्याच्या कोठीएवढा काळा टॉवर, बिल्ड सुरू झाला की तव्यासारखा तापायचा आणि त्याचे पंखे घरघरायचे. आठवड्याचं मोठं दही मावशी शनिवारीच लावत. पातेलं टॉवरच्या डोक्यावर, आणि पातेल्याच्या डोक्यावर काकांची कानटोपी. दोन्ही कामं बरोबर चालत. "कुठवर आलं?" मावशी आतून विचारत. "दुसरं बांधून होतंय." "म्हणजे अजून पातळच असेल," म्हणून मावशी कणीक मळायला घेत. संध्याकाळी इकडे भाषा उभी राही आणि तिकडे कवडी दही लागलेलं असे. ते पाहिल्यावर काकांच्या वेडाला काही अर्थ नाही असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

काकांचा आणखी एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचा सगळा अनर्थ त्याच्यामुळे घडला. बिल्डला बसण्याआधी ते हाताशी लागणारी जुनी भाषा तेवढी बाजूला काढून ठेवतात, बाकी मागच्या बिल्डचा मागमूस ठेवत नाहीत. "जुनं थोडं जरी राहिलं ना, तर ते नव्यात मिक्स होतं आणि मग पत्ता लागत नाही. सो, क्लीन फर्स्ट." कॉम्प्युटरपुरतं हे ठीक होतं. पण ही सफाई एकदा अंगात आली की ती तिथे थांबत नाही. मग टेबलाचा खण, चष्म्याचं घर, चहाची किटली, सिंक असे काका घरभर साफ करत सुटतात. त्या वेळी मावशी दह्याच्या पातेल्याशेजारी उभ्या राहत. "याला हात लावाल तर याद राखा," एवढंच म्हणत. काका वळसा घालून पुढे जात.

त्यांची एकुलती एक मुलगी रेवा. जन्म इकडचा, त्यामुळे मराठीत लिंगांची अदलाबदल करते; लंडनला कॅमडेनमध्ये राहते, डिझाइनचं काम करते, आणि काकांच्या मते ती तयार वस्तूंच्या पूर्ण आहारी गेलेली आहे. "हिच्याकडे कांदासुद्धा चिरलेला येतो," असं ते एखादं व्यसन सांगावं तसं हळू आवाजात सांगतात. तिने मागच्या दिवाळीत त्यांना नवा लॅपटॉप दिला. पातळ, चकचकीत, आणि त्याला पंखाच नाही. "बाबा, तुझा तो टॉवर आता टिपवर द्यायची, भंगारात. इट साउंड्स लाइक अ हेलिकॉप्टर. प्रॉमिस?" काकांनी वचन दिलं. नव्या लॅपटॉपवर त्यांनी पहिला बिल्ड लावला, चहाचं पाणी ठेवून आले, पाहतात तो काम संपलेलं. काका हिरमुसले. "पिशवी कापून होईपर्यंत भाषा तयार," ते मला म्हणाले, "याला काय बिल्ड म्हणायचं?" मावशींनी लॅपटॉपवर हात ठेवून पाहिला. तो गारढोण होता. पुढच्या शनिवारपासून त्या पातेलं ओव्हनमध्ये नुसता आतला दिवा लावून ठेवू लागल्या.

फेब्रुवारीत मावशी साताऱ्याला थोरल्या बहिणीकडे गेल्या. जाण्याआधी काकांना दही लावायला शिकवलं, आणि काकांनीही ते इतक्या काटेकोरपणे केलं की मावशी फोनवर कौतुक करू लागल्या. त्या परत यायच्या आदल्या आठवड्यात आम्ही शनिवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. दार उघडताच फिनेलचा वास आला. काकांचा चेहरा फुललेला होता. भाषेची नवी आवृत्ती आली होती, मोठी, आणि सकाळपासून त्यांची जय्यत तयारी चालली होती. लॅपटॉप पुसलेला, खण आवरलेला, किटली चकचकीत, सिंक आरशासारखं. ही स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "काका, विरजण कशात काढून ठेवलंय?"

दह्याचं पातेलं ओट्यावर पालथं घातलेलं होतं आणि त्यावर पाण्याचा थेंबही नव्हता.

काका दारात आले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. ते सुलटं केलं, आत पाहिलं, पुन्हा पालथं घातलं. आधीच्या भाषेशिवाय नवी भाषा बांधता येत नाही, हे साऱ्या इंग्लंडात त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असेल? ते खालच्या आवाजात म्हणाले, "तळाशी चमचाभर होतं. मला वाटलं, जुनं राहिलंय."

नेमका तेव्हा फोन वाजला. साताऱ्याहून मावशी. काकांनी स्पीकर लावला, कारण त्यांना पातेल्यावरचा हात काढवेना. "अहो, ऐका ना," मावशी सांगत होत्या, "ताईकडे आईचं विरजण राहिलेलंच नाही. ती पिशवीतलं दही आणते. म्हणाली, आई गेल्यावर कुणी लावलंच नाही गं. मला काय वाईट वाटलं! आता आपल्याकडे आहे तेवढंच. आल्यावर ताईला रुमाल करून पाठवणार आहे मी. दही नीट आहे ना?"

काका पातेल्याकडे बघत म्हणाले, "हो, हो. एकदम स्वच्छ आहे."

मग त्यांनी मावशींनी आजवर ज्यांना ज्यांना विरजण दिलं होतं त्यांना फोन करायला सुरुवात केली. पहिल्यांदा आमच्याकडे नुसतं पाहिलं आणि काही न विचारता पुढचा नंबर लावला, कारण आमचं दही सुपरमार्केटच्या डब्यातून येतं हे जगजाहीर होतं. लेस्टरच्या एका बाईंनी फार आनंदाने सांगितलं, हो आहे ना, अजून तेच लावते. काका उभे राहिले. "मधे दुसरं काही मिक्स नाही ना केलं?" एकदा घट्ट होत नव्हतं तेव्हा थोडंसं दुकानातलं ग्रीक दही घातलं होतं, त्या म्हणाल्या. "म्हणजे वंश संपला," काका म्हणाले, आणि बाईंनी फोन ठेवला. बर्मिंगहॅमचे एक डॉक्टर व्हीगन झाले होते, दूधदुभतं सोडलं होतं, आणि काकांनीही व्हावं असा त्यांचा आग्रह होता. एका आजींना दही आठवत होतं पण काका आठवत नव्हते. सगळ्या आयुष्यात कुणाकडे तयार वस्तू न मागितलेला तो माणूस घरोघर चमचाभर दही मागत होता आणि मागतानासुद्धा त्याची वंशावळ तपासत होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी त्यांच्याकडे बघवत नव्हतं. रेवाला फोन करायचं त्यांच्या मनातही आलं नाही. तो हिने केला, तोही नुसता काकांना धीर द्यावा म्हणून सांगायला.

रेवाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाऊ मच डू यू नीड?"

काकांनी फोन हिसकावून घेतला. "तुझ्याकडे आहे?"

"फ्रीजरमध्ये. आइसच्या ट्रेमध्ये करून ठेवलाय. आई लास्ट इयर आली होती ना, तेव्हाचा. मी दही लावते, बाबा, पण रोज नाही जमत. सो आय कीप अ बॅकअप. तूच सांगायचास ना, बॅकअप ठेवायची?"

"मिक्स?"

"बाबा! आजीचं दही आहे ते. मी कशाला मिक्स करेन?"

आम्हीही रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉव्हेंट्रीला उतरली तेव्हा काका प्लॅटफॉर्मवर हजर होते. थंड पिशवीत दह्याचे दोन गोठलेले तुकडे होते. तिचं पाच मिनिटं कौतुक झालं, मग लगेच घाई. पहिला तुकडा कोमट दुधात घालून ओव्हनमध्ये ठेवला, आत दिवा लावला. पण त्या दिवशी दिव्यावर काकांचा विश्वास बसेना. ते सारखे दार उघडून पाहत होते, पातेलं हलवत होते, बोट बुडवत होते. दुपारी त्या पातेल्यात दूध होतं, फक्त थोडं नाराज झालेलं. शेवटचा तुकडा राहिला. "इफ यू हॅड केप्ट द टॉवर, बाबा," रेवा रडवेल्या आवाजात म्हणाली. काका खाली मान घालून उठले, मागच्या दाराने बागेत गेले आणि शेडचं कुलूप उघडलं. आत, ताडपत्रीखाली, टॉवर होता.

रेवाने कपाळाला हात लावला. मग आम्ही दोघांनी तो उचलून आत आणला. काकांनी वायरी जोडल्या, नवी आवृत्ती पहिल्यापासून बांधायला लावली, आणि पंखे घरघरू लागले. पातेलं वर चढलं, त्याला कानटोपी घातली. काका पडद्यासमोर बसले, अमुक आहे, तमुक आहे म्हणून मान डोलावू लागले. रेवा त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून होती. "हे काय करतंय आता?" तिने विचारलं, लहानपणापासून पहिल्यांदाच विचारलं असावं, आणि काकांनी तिला सांगितलं. भाषा उभी राहिली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. हिने कानटोपी काढली, पातेलं अलगद तिरपं केलं. दही हललं नाही.

मावशींना विमानतळावरून मी आणि ही घेऊन आलो. काकांनी भात मऊ केला होता आणि दही वाढून ठेवलं होतं. ताट मांडीवर घेऊन मावशींनी पहिला घास घेतला. "छान लागलंय हो." एवढं झाल्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. काका उभे राहिले आणि कोर्टात उभं राहावं तसे म्हणाले, "हे मी पहिल्यापासून केलेलं नाही. मी पातेलं धुतलं. सगळं गेलं. रेवाकडून तयार आणलं."

मावशींचा हात थांबला. त्यांनी दह्याकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि रागाने की कशाने ते मला कळेना. "रेवा लावते?" त्यांनी विचारलं.

"लावते. आणि बॅकअप ठेवते."

मावशींनी पुढचा घास कालवला. "विरजण कुणी पहिल्यापासून करतं का हो? ते कुणाच्या तरी घरूनच आणावं लागतं," त्या म्हणाल्या. "मी नव्हतं का आणलं?" आणि जरा वेळाने, भात संपवता संपवता, "तो टॉवर शेडमध्ये आहे ते मला ठाऊक होतं. त्याच्या उबेचं मला काही पडलेलं नव्हतं, हो. तुम्ही पडद्याकडे बघत बसता, तेवढा वेळ पातेल्याला हात लावत नाही, म्हणून दही लागतं." एवढ्या वर्षांच्या शनिवारांचा हा खुलासा काकांनी शांतपणे ऐकला आणि ताक मागितलं.

परवा आम्ही पुन्हा गेलो होतो. टॉवर आपल्या जागी परत आला आहे. मावशींनी मलमलचा नवा रुमाल दह्यात बुडवून बाहेर दोरीवर घातला होता, पण आकाश दाटलं म्हणून आत आणावा लागला. आता तो टॉवरच्या मागच्या पंख्यापुढे, गरम वाऱ्यावर, खुर्चीच्या पाठीवर पसरलेला होता. वाळला की साताऱ्याला जायचा होता, ताईंकडे. रेवा फोनवरून तो कुठवर वाळला ते विचारत होती. काका-मावशी दोघंही आता थकली आहेत. मावशी भिंतीला धरून चालतात, आणि काकांना पिशवी कापायची कात्री सापडत नाही. त्या दोघांकडे बघताना मला वाईट वाटलं, आणि हेवाही वाटला, दोन्ही एकदम.

संध्याकाळी भाषा उभी राहिली. काकांनी नेहमीची एक ओळ लिहिली आणि पडद्यावर 'चालू आहे' अशी अक्षरं उमटली. त्यांनी चष्मा पुसला. मी उठायला लागलो, कारण यानंतर ते कॉम्प्युटर बंद करतात हे मला माहीत होतं.

"झालं का हो?" मावशींनी आतून विचारलं.

"झालं," काका म्हणाले. त्यांनी मागे हात नेऊन दोन बोटांनी रुमाल चाचपला, आणि तीच भाषा पुन्हा पहिल्यापासून बांधायला लावली. रुमाल अजून ओलसर होता.